नळीवरचा रंग

७ ऑगस्ट २००६. राखीपौर्णिमा दोन दिवसांवर होती आणि तापी सुरतेत शिरली. उकाई धरणातून नऊ लाख क्युसेकच्या आसपास पाणी सुटलं होतं. अडाजण, रांदेर, कतारगाम, वस्त्याच्या वस्त्या पाण्याखाली गेल्या. कतारगामातल्या एका हिऱ्याच्या कारखान्यावर पहारा करणारा खानदेशातला एक तरुण बायको-पोरांना घेऊन कारखान्याच्या गच्चीवर चढला. खोलीत मागे राहिली ती पत्र्याची पेटी, आणि तिच्यात रेक्झिनच्या कव्हरातली दुनळी बंदूक.

बंदूक मूळची वडिलांची. अण्णा फौजेतून हवालदार म्हणून निवृत्त झाले, ही बारा बोअरची दुनळी घेतली आणि तिच्या जोरावर सुरतेत नोकरी करून संसार उभा केला. गुडघे थकले तेव्हा परवाना रीतसर मुलाच्या नावावर झाला आणि ते गावी परतले. नळ्यांवरचा तो गर्द निळसर काळा रंग त्यांनी जिवापाड जपला होता. बंदूकवाले त्याला ब्लूइंग म्हणतात. तो वरून लावलेला रंग नसतो. पोलादाचाच वरचा पापुद्रा काळ्या ऑक्साइडचा झालेला असतो. तेलाचा हात फिरत राहिला तर तो पिढ्यानपिढ्या टिकतो. घाम, समुद्राची खारी हवा आणि बंद कव्हरातली ओल मात्र त्याला सोसत नाही.

पाणी ओसरलं तेव्हा घरोघर गाळ साचला होता. आधी पोरांसाठी पिण्याचं पाणी, मग धान्य, मग अंथरूण. बंदुकीची आठवण शेवटी आली, आणि त्यात त्या तरुणाला कोणी बोल लावू नये. त्याने कव्हर उघडलं तर दोन्ही नळ्यांवर विटकरी गंज चढलेला. त्याच दिवशी गोड्या पाण्याने धुऊन, कोरडी करून, रॉकेल आणि तेलाचा हात देऊन ती कारागिराकडे नेली असती, तर बरंच काही वाचलं असतं. पण दिवाळीला अण्णा येणार होते. त्यांच्यासमोर ही बंदूक कशी धरायची, एवढंच त्याच्या डोक्यात राहिलं.

त्याने पॉलिश पेपर आणला, नळ्या घासघास घासल्या आणि वरून काळा ऑइल पेंट मारला. वाळल्यावर बंदूक नवी दिसू लागली. कारखान्यातल्या सोबत्यांनी वाखाणली. ती परत कव्हरात गेली.

दिवाळीत अण्णा आले. पुराच्या गोष्टी झाल्या, फराळ झाला, मग त्यांनी बंदूक मागितली. आत काडतूस नाही ना हे पाहायला त्यांनी ती उघडली, तर सांध्यात गेलेल्या रंगामुळे ती कचकचत उघडली. त्यांचा अंगठा सवयीने नंबरावर फिरला. आकड्यांच्या कडा बोथट झाल्या होत्या. एका जागी रंगाला फुगा आला होता. नखाने टोकरताच पापुद्रा निघाला आणि खालून ओला, लाल गंज दिसला.

"पाणी शिरलं होतं," मुलगा खाली मान घालून म्हणाला.

"ते मला ठाऊक आहे," अण्णा म्हणाले. "मी इथं असतो तरी शिरलंच असतं. गंज पुराचा आहे बाबा. रंग तुझा आहे."

दुसरं काही बोलले नाहीत. सण सरल्यावर दोघं परवाना घेऊन एका परवानाधारक कारागिराकडे गेले. म्हाताऱ्या मिस्त्रीने पेंट उतरवला, नळ्या उजेडाकडे धरून आतून पाहिल्या, ठिकठिकाणी जाडी मोजली. मगच म्हणाला, "चालेल. पण हे खड्डे राहणार. ते काढायला घासत बसलो तर नळी पातळ होईल, आणि पातळ नळी मी कोणाच्या हातात देणार नाही."

मुलाने विचारलं, तापलेल्या क्षारांच्या टाकीत बुडवून एका दिवसात रंग येतो म्हणतात, तसं का नाही करायचं? मिस्त्रीने दोन नळ्यांमधली पट्टी दाखवली. ती कथील-शिशाच्या डाकाने जोडलेली असते. टाकीतला कॉस्टिक तो डाक खातो, पट्टी सुटते. दुनळीला जुनीच रीत लागते. नळी तेलाचा अंश न ठेवता स्वच्छ करायची, औषध लावून तिच्यावर मुद्दाम बारीक, एकसारखा गंज येऊ द्यायचा, मग ती पाण्यात उकळायची. उकळताना तो लाल गंज काळा होतो. वरची मखमल बारीक तारेच्या लोकरीने उतरवायची आणि पुन्हा पहिल्यापासून. प्रत्येक फेरीला रंग थोडा थोडा गडद होत जातो.

मला या कामातला हा भाग फार मोलाचा वाटतो. ज्या गंजाला मुलगा झाकत होता, त्यालाच मिस्त्रीने उजेडात आणून पोलादाचं कवच केलं. मुलगा सुट्टीच्या दिवशी तिथे जाऊन बसायचा आणि बघायचा.

बंदूक घरी आली तेव्हा नळ्या पुन्हा निळसर काळ्या होत्या. खड्डे होते तिथे होते. नंबर वाचता येत होता, हे नशीब. १९५९ च्या शस्त्र कायद्यानुसार तो नंबर पुसणं गुन्हा आहे, आणि बिगरपरवाना माणसाने बंदूक दुरुस्त करणंही. मालकाने खड्ड्यांबद्दल विचारलं तेव्हा त्या तरुणाने पुरापासून ऑइल पेंटपर्यंत सगळं सांगून टाकलं. नोकरी राहिली.

ज्यांच्या घरी परवान्याची दुनळी आहे त्यांना एवढंच सांगणं आहे. पावसाळ्यात ती कव्हरात मिटून ठेवू नका. नळ्या कोरड्या पुसून तेलाचं फडकं फिरवत जा. आणि लाल ठिपका दिसला तर तो घरातल्या माणसांना दाखवा, आणि बंदूक त्याच आठवड्यात कारागिराकडे न्या.