अनुभवाचा पल्ला

अनुभव जेवढे घडले तेवढेच शिकवतो. जे अजून घडलेच नाही त्याबद्दल तो गप्प असतो आणि त्या गप्प राहण्याला माणसे होकार समजतात. लातूर-धाराशिव भागातल्या माळवदाच्या घरांचे असेच झाले. दोन-अडीच फूट रुंद दगडमातीच्या भिंती, लाकडी खांब-तुळया, वर फळ्या आणि मातीचा जाड थर. मराठवाड्याच्या उन्हाळ्यात असे घर गार राहते. गळू लागले की वर आणखी माती पडते. 30 सप्टेंबर 1993 रोजी पहाटे चारच्या सुमारास भूकंप झाला आणि किल्लारी परिसरात हीच घरे झोपलेल्या माणसांवर कोसळली. हजारो माणसे गेली.

यावर एक जुना गवंडी आणि एक तरुण अभियंता बाई बोलू लागल्या, तर गवंडी आधी हेच विचारील :

"आज्यानं बांधलं तसं बापानं, बापानं बांधलं तसं मी. इतक्या वर्षांत घर पडलं नाही. मग चुकलं कुठं, बाई?"

"ऊन-पावसाची परीक्षा घर दरसाल देत होतं, मामा. एवढ्या मोठ्या हादऱ्याची परीक्षा कधी झालीच नव्हती."

"म्हणजे तुमच्या पुस्तकाला विचारायचं होतं?"

इथे बाईंची बाजू लंगडी पडते. तेव्हाच्या भूकंपप्रवण क्षेत्रांच्या नकाशात हा भाग सर्वांत कमी धोक्याच्या पहिल्या क्षेत्रात होता. नकाशाही मुख्यतः झालेल्या भूकंपांच्या नोंदींवर बेतलेला, म्हणजे कागदावर उतरवलेला अनुभवच. 11 डिसेंबर 1967 च्या भूकंपानंतर कोयनेचे क्षेत्र बदलले, 1993 नंतर किल्लारीचे. पुढच्यास ठेच लागली की मागचा शहाणा होतो खरा. पण इथे पुढे कोणी नव्हते. गवंड्याला अडाणी म्हणायचे तर नकाशा करणाऱ्यांनाही म्हणावे लागेल.

"मग आता दगड सोडायचा?"

"दगडाचा दोष नाही, मामा. भिंतीची आतली आणि बाहेरची बाजू एकमेकींना बांधलेली नव्हती, मधे नुसता भराव. हादऱ्यानं त्या सुटल्या. कित्येक घरांत खांब-तुळयांचा सांगाडा मात्र उभा राहिला."

खरा पेच इथेच आहे. घाबरलेला माणूस दगड टाकून देतो आणि पत्र्याखाली उन्हाळे काढतो. त्यालाही तो अनुभवाचा धडाच म्हणतो. ढिगारा तपासणारा मात्र भिंतीत आरपार जाणारे लांब दगड घालतो, माळवदावरची माती कमी करतो, भिंतीच्या माथ्याला सलग पट्टा देतो. घटना एकच, पण हे काम भीतीने होत नाही, त्याला कारण शोधावे लागते.

"आणि उद्या याहून वेगळंच काही आलं तर?"

याचे उत्तर बाईंकडे नाही, नकाशाकडेही नाही. 2002 च्या सुधारित नकाशात किल्लारी परिसर तिसऱ्या क्षेत्रात गेला आणि पहिले क्षेत्र नकाशातून काढूनच टाकले गेले.