स्फूर्ती कोणाची, खर्च कोणाचा?

स्फूर्ती ही देणगी, असे आपण म्हणतो. ती येते तेव्हा एक कर्जही अंगावर येते, हे सहसा बोलत नाही. मुंबईत ख्रिस्ताच्या जीवनावरचा मूकपट पाहताना दादासाहेब फाळक्यांना पडद्यावर आपले राम-कृष्ण दिसू लागले. असा क्षण पुष्कळांच्या वाट्याला येतो. (आम्हां शिक्षकांपैकी निम्म्यांच्या कपाटात एक अपुरी कादंबरी असते!) फाळक्यांचे वेगळेपण पुढच्या कंटाळवाण्या कामात आहे. विम्याची पॉलिसी गहाण टाकून ते १९१२ साली लंडनला गेले, कॅमेरा आणला; कुंडीतल्या वाटाण्याला कोंब फुटून वेल होईपर्यंत रोज थोडे थोडे चित्रण केले. ती चिमुकली फिल्म पाहून कर्ज मिळाले आणि ३ मे १९१३ रोजी 'राजा हरिश्चंद्र' लोकांपुढे आला.

परंतु दागिने गेले ते सरस्वतीबाईंचे. दिवसभर सगळ्या मंडळींचा स्वयंपाक करून रात्री फिल्मच्या कडांना भोके पाडायला त्याच बसत. स्वप्न पतीचे, जागरण पत्नीचे. हे न्याय्य होते काय? 'चित्रपट झाला ना!' हे उत्तर मला पुरत नाही. तो आपटला असता तरी प्रश्न हाच राहिला असता. फाळक्यांच्या बाजूने एवढेच म्हणता येईल की, रसायने कालवणे, फिल्म धुणे त्यांनी बाईंना शिकवले. त्या कामात वाटेकरी झाल्या.