एक्सलचा बूट

गाडी धुताना चाकाची बाहेरची बाजू आपण चकचकीत करतो. आतल्या बाजूकडे सहसा कुणी बघत नाही. स्टिअरिंग पूर्ण वळवून, खाली वाकून कधीतरी तिथे बघावं. रिमच्या आत आणि सस्पेन्शनवर काळ्या ग्रीसचे शिंतोडे गोलाकार उडालेले दिसले, तर एक्सलचा बूट फाटलाय किंवा त्याची क्लिप सुटलीय असं समजावं.

पुढची चाकं गाडी ओढत असतील तर त्यांचं काम फार अवघड असतं. फिरायचं, वळायचं, खड्ड्यात वरखाली व्हायचं, आणि हे सगळं एकाच वेळी, झटका न देता. साध्या क्रॉसच्या जॉइंटला ते झेपत नाही. कोन वाढला की एकाच फेऱ्यात त्याचा वेग कमीजास्त होतो. फोर्डमधले अभियंते आल्फ्रेड रझेपा यांनी 1920च्या दशकात सहा पोलादी गोळ्यांचा जॉइंट रचला आणि ही अडचण सोडवली. आपल्याकडे अ‍ॅम्बॅसेडर आणि पद्मिनी मागच्या चाकांवर चालायच्या. 1983च्या डिसेंबरात पुढच्या चाकांवर चालणारी मारुती 800 आली, आणि या जातीचे जॉइंट हळूहळू गावोगावच्या गॅरेजांच्या ओळखीचे झाले.

त्या गोळ्यांच्या वाटा अगदी नेमक्या कापलेल्या असतात. त्यांना हवं असतं ते काळं, दाट ग्रीस आणि स्वच्छता. दोन्ही सांभाळतो तो हार्मोनियमच्या भात्यासारखा घड्यांचा रबरी बूट. एका टोकाला मोठी क्लिप, दुसऱ्या टोकाला छोटी. बूट शाफ्टबरोबर फिरतो, त्यामुळे वेग वाढला की आतलं ग्रीस बाहेरच्या दिशेला जोर करतं. क्लिप जराशी ढिली असली तरी त्याला वाट सापडते. बरं, नुसतं ग्रीस गेलं तर निम्मंच नुकसान. त्याच फटीतून पावसाळ्यातलं लाल पाणी आणि बारीक रेती आत शिरते, उरलेल्या ग्रीसमध्ये कालवली जाते आणि पॉलिश पेपरसारखी गोळ्यांना घासत राहते. कोकणातल्या घाटांत, जिथे स्टिअरिंग वळणावळणाला खूप फिरवावं लागतं, तिथे बाहेरच्या, म्हणजे चाकाकडच्या जॉइंटचे हाल आणखी वाढतात.

म्हणून बूट बसवणाऱ्या चांगल्या मिस्त्रीचे हात बघावेत. जुनं ग्रीस काढून जॉइंट धुतला, पाकिटातलं नवं ग्रीस भरलं, की तो लगेच क्लिपला हात लावत नाही. आधी बूट जिथे बसणार ती खाच कोरड्या फडक्याने पुसतो, बुटाच्या तोंडाची आतली कडाही पुसतो. पोऱ्या घाई करायला लागला तर म्हणतो, “आधी पूस. ग्रीसवर रबर धरत नाही रे.” मग बोथट स्क्रू ड्रायव्हर बुटाच्या ओठाखाली अलगद सरकवतो. फुस्स करून हवा निघते, फुगलेल्या किंवा आत ओढल्या गेलेल्या घड्या मूळ आकारावर येतात. बूट कुठे पिळलेला नाही ना, तेही बघतो. त्यानंतर क्लिपचा कान पकडीत धरून सावकाश दाबतो. कमी दाबला तर बूट सरकणार, जास्त दाबला तर पट्टी रबरात रुतून ते कापणार. शेवटी बूट मुठीत धरून शाफ्टवर फिरतो का ते बघतो. हललाच नाही, की चाक चढवतो.

ही पाच-दहा मिनिटं मला दुरुस्तीतली सगळ्यात प्रामाणिक मिनिटं वाटतात. गिऱ्हाईक ती बघत नाही, बिलात ती वेगळी लिहिलेली नसतात, आणि त्यांत केलेली कुचराई महिन्या-दोन महिन्यांनी भलत्याच रस्त्यावर उघडी पडते. क्लिप हाताशी नाही म्हणून प्लास्टिकचा टाय ओढणं, तार पिळणं किंवा पाण्याच्या पाइपची स्क्रूवाली क्लिप चढवणं मला पटत नाही. टाय ढिला पडतो, तार रबर चिरते, आणि स्क्रूचं जाड डोकं शाफ्टबरोबर फिरताना आजूबाजूला घासू शकतं. पण दोष एकट्या मिस्त्रीचा मानणं बरोबर नाही. “अण्णा, तासाभरात द्या, काहीतरी बांधून टाका,” असं आपणच तर म्हणतो. योग्य क्लिप बाजारातून आणायला अर्धा दिवस लागला तरी आपण थांबायला हवं.

पावसाळ्याआधी गाडी सर्व्हिसिंगला दिली की चारही बूट बघायला आवर्जून सांगावं, बाहेरचे दोन आणि आतले दोन. भेगा नुसत्या घड्यांत दिसत असतील आणि जॉइंट गप्प असेल, तर बूट, ग्रीस आणि नव्या क्लिपांवर काम भागतं. स्टिअरिंग पूर्ण वळवून गाडी हलवल्यावर कट्कट् ऐकू यायला लागली, की गोळ्यांच्या वाटा झिजलेल्या असतात. मग नव्या बुटात कितीही ग्रीस भरलं तरी त्या भरून येत नाहीत. जॉइंटच बदलावा लागतो.