वाढप्याने कोणाला थांबवावं?

पंगतीत वाढप्याने आधी कोणाकडे जावं, हा प्रश्न धर्मशास्त्रात सुटला असेल. लग्नाच्या हॉलमध्ये सुटलेला मी तरी पाहिलेला नाही. जिलबीचं ताट व्याह्यांपाशी घुटमळतं आणि कोपऱ्यातला माणूस पानातल्या मिठाकडे बघत बसतो. हाच घोळ कॉम्प्युटरच्या पोटातही चालतो, असं माझ्या भाच्याने सांगितलं, तेव्हा त्या यंत्राबद्दल मला प्रथमच आपुलकी वाटली.

तिथे पंगत प्रोग्रॅमांची आणि वाढपी म्हणजे डिस्क. देखरेखीला कर्नेल. लष्करातला कर्नल नव्हे, पण रुबाब तोच. मिनिटाला ७२०० फेरे घेणारी तबकडीसुद्धा इकडचे-तिकडचे तुकडे मागितले, की सेकंदाला जेमतेम शंभरेक वाढते. त्यात एखादा बॅकअपवाला बसला, की तो "आणा, आणा" करत पान पुढे सरकवणार आणि बाकीचे उपाशी!

लिनक्सच्या कर्नेलने यावर बरेच उपाय केले. आधी लिफ्टचा न्याय होता : वाटेत जो भेटेल त्याला आधी घ्यायचं. पण पाचव्या-सहाव्या मजल्यावरच ये-जा वाढली, की तळमजल्यावरच्या आजी ताटकळतात. मग 'डेडलाइन' आली. वाचणाऱ्याला अर्ध्या सेकंदाची मुदत, लिहिणाऱ्याला पाच सेकंदांची. लेखक म्हणून मी तिथल्या तिथे निषेध नोंदवला. भाचा म्हणाला, "मामा, वाचणारा उत्तर मिळेपर्यंत अडून बसतो. लिहिणारा कागद टाकून निघून जातो." मराठीत नेमकं उलटं आहे, पण ते असो.

पुढे २०१०-११ च्या सुमारास दोन नवे मार्ग निघाले. एक हिस्सा, दुसरी मर्यादा. हिश्शात, शेजारी जेवत नसेल तर त्याचंही तुम्हाला मिळतं. मर्यादेत तसं नाही. वाढपी हाताची घडी घालून उभा, पातेलं भरलेलं, आणि तुम्हाला तिसरी जिलबी नाही! हा कसला न्याय, असं मला वाटलं. पण थोडा विचार केल्यावर पटलं, की रिकाम्या हॉलमध्ये दहा जिलब्यांची सवय लागलेला माणूसच गर्दीच्या दिवशी सर्वांत जास्त बोंबलतो. तरीही माझं मत हिश्शाच्याच बाजूने. शिल्लक असताना नाही म्हणायला काही कारण हवं, आणि 'सवय बिघडेल' हे कारण लहानपणी पुष्कळ ऐकलं आहे.

खरी गोम मात्र पुढेच आहे. समजा, तुम्ही त्या बॅकअपवाल्याला थांबवलंत, आणि नेमकी त्याच्याच हातात सगळ्यांची सामाईक नोंदवही आहे. मग तो थांबला, की सगळेच थांबले. चाळीत ज्याच्याकडे संडासाची किल्ली, त्यालाच शिस्त लावायला जिन्यात अडवून ठेवावं, तसं हे. शिक्षा एकाला आणि पोट धरून रांगेत उभे बाकीचे!

यावर २०१८-१९ मध्ये कर्नेलवाल्यांनी जी तोड काढली, ती मला फार आवडली. अशा वेळी त्याला जाऊ द्यायचं, मुकाट्याने उधारी मांडायची, आणि सामाईक काम उरकून, किल्ली खुंटीला लावून तो आपल्या खोलीकडे निघाला की मग गाठायचं : "आता जरा बसा." अपराध्याला अडवताना त्याच्यामागे कोण उभं आहे ते आधी पाहावं, एवढं भान आमच्या सोसायटीच्या कमिटीला असतं, तर थकबाकीदाराबरोबर अख्ख्या विंगचं पाणी बंद झालं नसतं.

"आणि कोणाचा हिस्सा किती, हे कोण ठरवतं?" मी विचारलं.

"वजनं असतात. मूळचं १००. कमीत कमी १, जास्तीत जास्त १०,०००. मशीनचा मालक ठरवतो."

"आणि सगळ्यांत वरच्या मूळ गटाला मर्यादा किती?"

भाचा हसला. "त्याच्यासाठी मर्यादेची फाइलच नसते, मामा."