भिंतीवरची आशा

आशा ही हस्तांतर करण्याजोगी वस्तू नव्हे, असे कायदा सांगतो. मालमत्ता हस्तांतरण अधिनियम, १८८२ याच्या सहाव्या कलमात ज्या गोष्टी दुसऱ्यास देता येत नाहीत त्यांची गणना केली आहे, आणि तिच्या अगदी आरंभी भावी वारसाच्या आशेला स्थान मिळाले आहे. बाप हयात असता, वारसा मिळण्याची नुसती आशाच मुलाने विकावयास काढली, तर खरेदीदाराच्या हाती काहीही पडत नाही. आम्हां वकिलांच्या अंगवळणी पडलेला हा नियम बाजारास मात्र ठाऊक नसावा. बाजारात आशा विकली जाते; इतकेच नव्हे तर काचेच्या चौकटीत बसवून विकली जाते.

ही चौकट वाचकांनी पाहिली असेल. चिनी किंवा जपानी लिपीतील एकदोन अक्षरे, पांढऱ्या कागदावर काळ्या शाईची म्हणून भासणारी, कोपऱ्यात एक तांबडा शिक्का. दवाखान्यात, कचेरीत, नव्या सदनिकेच्या दिवाणखान्यात ती टांगलेली असते. मालकास विचारावे तर तो म्हणतो, "याचा अर्थ आशा." त्यास ते अक्षर वाचता येत नाही, कोणी उलटे टांगले तरी त्याच्या ध्यानी येणार नाही. (चीनमध्ये नववर्षास 'फू' म्हणजे सौभाग्य हे अक्षर दारावर मुद्दाम उलटे चिकटवतात, कारण 'उलटे झाले' आणि 'आले' हे त्या भाषेत सारखेच ऐकू येते. पण तो जाणत्यांचा विनोद आहे.) तेव्हा प्रश्न असा की, अशा रीतीने विकत आणलेली आशा घरात येते काय? आणि येत नसेल तर ती मागे कोणापाशी राहते?

उत्तर शोधावयाचे तर आधी ते अक्षरच पाहिले पाहिजे. आशेला चिनी भाषेत 'शीवांग' आणि जपानीत 'किबो' म्हणतात. लिहिण्याची अक्षरे दोन्हीकडे तीच. पहिले सात रेघांचे, दुसरे अकरा रेघांचे. जपानी मूल ही दोन्ही अक्षरे चौथ्या इयत्तेत शिकते. यांतील दुसरे अक्षर, ज्याचा चिनी उच्चार 'वांग', ते मोठे विचार करण्याजोगे आहे. त्याचे अतिप्राचीन रूप म्हणजे मातीच्या उंचवट्यावर उभा राहिलेला एक माणूस आणि त्याचा भला मोठा डोळा. उंचावर चढून दूरवर पाहणे, हा त्याचा मूळ अर्थ. पुढे त्यात चंद्र आला, आणि आजही पौर्णिमेच्या दिवसास हेच अक्षर लावतात. त्याहून पुढे डोळा गेला आणि त्याच्या जागी, उच्चाराच्या सोयीसाठी, 'हरवलेले, नाहीसे झालेले' या अर्थाचे चिन्ह येऊन बसले. इ. स. १०० च्या सुमारास शू शन या कोशकाराने या अक्षराचा अर्थ देताना परागंदा झालेल्या माणसाच्या परतण्याकडे डोळे लावून बसणे, असे सांगितले आहे.

आपल्या भाषेस हे परके वाटू नये. आपणही माणसाची 'वाट पाहतो'. प्रतीक्षा आणि अपेक्षा या दोन्ही शब्दांच्या पोटी पाहण्याचाच धातू आहे. आणि संस्कृतात 'आशा' या शब्दाचा दुसरा अर्थ 'दिशा' असा अमरकोशात दिलेला आहे. निराशेसाठी जपानीत जो शब्द आहे, 'झेत्सुबो', त्याचा अक्षरशः अर्थ 'तुटलेली नजर' असा होतो. म्हणजे आशा ही मनाची एखादी गोड अवस्था नसून ती पाहण्याची क्रिया आहे. ती करण्यास कोणीतरी त्या उंचवट्यावर चढून उभे राहावे लागते.

आता लिहिण्याची रीत पाहावी. काजळी आणि सरस यांची घट्ट वडी दगडावर थोड्या पाण्यात उगाळावयाची, जसे आपण देवासाठी सहाणेवर चंदन उगाळतो तशी. मग कुंचला बुडवून अक्षर लिहावयाचे. रेघांचा क्रम ठरलेला असतो. कागद शाई तत्काळ पितो, म्हणून एकदा उमटलेली रेघ पुन्हा गिरवता येत नाही, खोडता येत नाही, सुधारता येत नाही. हात कचरला तर कचरलेपणही कागदावर राहते. न्यायालयात साक्षीदाराने एकदा दिलेली जबानी जशी त्याला बांधून ठेवते, तशी ती रेघ लिहिणाऱ्यास बांधते. छापील चौकटीत रेघांचा आकार येतो, पण बांधले जाणारे कोणी तिच्यामागे नसते. आमच्या मते उणीव आहे ती येथे.

या कलेतील परमोच्च म्हणून मानल्या गेलेल्या लेखनात मंगल शब्द असतातच असे नाही. आठव्या शतकातील यान झन-छिंग हा तांग राजवटीचा एकनिष्ठ अधिकारी. आन लू-शानच्या बंडात त्याचा चुलतभाऊ आणि त्या भावाचा तरुण मुलगा हे दोघेही मारले गेले. पुतण्याचे केवळ शिर हाती लागले. इ. स. ७५८ मध्ये यानने त्या पुतण्याच्या श्राद्धप्रसंगी वाचावयाच्या मजकुराचा कच्चा खर्डा लिहिला. त्यात खाडाखोड आहे, शाई सुकत गेलेली आहे, ओळी पुढे पुढे अनावर होत गेल्या आहेत. तो कागद तैपेईच्या राजप्रासाद संग्रहालयात जतन केलेला आहे. २०१९ साली तो टोक्योस प्रदर्शनार्थ नेला तेव्हा पाहणाऱ्यांच्या रांगा लागल्या. त्यात आशा हा विषय नाही. परंतु शेवटाकडे यान मृतास सांगतो की, पुढे योग्य दिवस येईल तेव्हा तुझ्यासाठी विश्रांतीची जागा निवडीन. सर्वस्व उद्ध्वस्त झालेला एक माणूस एका दूरच्या दिवसाकडे पाहतो आणि त्या दिवशी करावयाचे एक कर्तव्य स्वतःच्या माथी घेतो. छापील 'किबो'च्या शंभर चौकटींहून त्या खोडाखोडीच्या कागदात आम्हांस अधिक आशा दिसते.

येथे एक आक्षेप येईल, आणि तो देवळाशी नाते असलेल्या वाचकांकडूनच येईल. न कळणाऱ्या अक्षरांची एवढी हेटाळणी का? आपणही अर्थ न कळता स्तोत्रे म्हणतोच की! आक्षेप रास्त आहे. जपानमध्ये याचे उलट उदाहरण सापडते. कूकाई हा जपानी भिक्षू इ. स. ८०४ ते ८०६ या काळात चीनमध्ये राहिला आणि आपल्या सिद्धम् लिपीची विद्या घेऊन परतला. ती बीजाक्षरे आजही तेथे स्मशानातील लाकडी फळ्यांवर कुंचल्याने लिहिली जातात. मृताच्या आप्तांपैकी बहुतेकांस ती वाचता येत नाहीत. तरी त्या फळीमागे विधी आहे, तिथी आहे, मृताची आठवण ठेवणारे कुटुंब आहे. अर्थ न कळण्याने अक्षर पोकळ होत नाही. त्याच्यासाठी कोणीच काही करीत नसले म्हणजे मात्र ते पोकळ होते. दवाखान्यात ताटकळलेल्या एखाद्या रुग्णास त्या चौकटीकडे पाहून क्षणभर बरे वाटत असेल तर त्याचे ते सुख हिरावून घेण्याचे आम्हांस कारण नाही.

याहून खोल आक्षेप आपल्या शास्त्राचा आहे. गीतेच्या सोळाव्या अध्यायात आसुरी वृत्तीची माणसे शेकडो आशापाशांनी जखडलेली म्हणून वर्णिली आहेत, आणि तिसऱ्या अध्यायात अर्जुनास निराशी होऊन लढण्यास सांगितले आहे. मग आशेचे अक्षर घरात हवेच कशाला? यावर क्योतो येथील कियोमिझु मंदिरातील एक प्रथा आम्हांस बोलकी वाटते. १९९५ पासून दरवर्षी डिसेंबरात लोकांच्या मतांनी त्या वर्षाचे एक अक्षर निवडले जाते आणि मंदिराचे प्रमुख भिक्षू मोठ्या कुंचल्याने ते सर्वांसमक्ष लिहितात. हे अक्षर शुभच असावे असा दंडक नाही. पहिल्या वर्षी, कोबेच्या भूकंपानंतर, 'कंप' हे अक्षर आले. २००७ मध्ये खाद्यपदार्थांवरील खोट्या लेबलांची प्रकरणे गाजली, तेव्हा बुद्धमंदिरात भिक्षूने 'खोटे' असे लिहिले! आपल्या किती देवस्थानांच्या विश्वस्तांस हे खपेल, याची आम्हांस शंकाच आहे. आणि ११ मार्च २०११ च्या भूकंप व सागरी लाटेनंतर त्या वर्षी निवडले गेले ते 'किझुना', म्हणजे माणसामाणसांतील बंध. या शब्दाचा जुना अर्थ जनावर बांधावयाची दोरी असा आहे. गीतेने निंदिलेला पाश तो हाच काय? आम्हांस तसे वाटत नाही. तो पाश स्वतःच्या लाभाकडे ओढतो. ही दोरी ज्यांचे सर्व काही वाहून गेले त्यांच्याकडे ओढणारी होती.

चौकट भिंतीवर कायमची राहते, हेही तिच्या विरुद्ध जाते. जपानी घरातील 'तोकोनोमा' या कोनाड्यात लेखाची गुंडाळी ऋतूप्रमाणे, पाहुण्याप्रमाणे बदलतात. काम झाले की गुंडाळून पेटीत ठेवतात. नित्य दिसणारे डोळ्यांस दिसेनासे होते हे त्यांनी ओळखले आहे. नववर्षाच्या दुसऱ्या दिवशी, २ जानेवारीस, 'काकिझोमे' म्हणजे वर्षातील पहिले लेखन करतात. मुले गुडघे टेकून लांब कागदावर एखादा शुभ शब्द लिहितात, पुष्कळदा 'आशा' हाच. आणि मग त्या कागदास चौकट करीत नाहीत. जानेवारीच्या मध्यास, आपली संक्रांत असते त्याच सुमारास, गावच्या होळीत दारावरच्या सजावटीबरोबर ते कागद जाळतात. जळता कागद ज्वाळेबरोबर जितका उंच जाईल तितके लिहिणाऱ्याचे अक्षर सुधारेल असे मानतात, म्हणून मुले माना वर करून आपापला कागद कुठवर गेला ते पाहत उभी राहतात.