चार्ज

नौपाड्यात गोखले रोडच्या एका आडव्या गल्लीत सरकारी बँकेची शाखा आहे. ऑक्टोबरच्या शेवटच्या आठवड्यात तिथे नव्या मॅनेजरबाई आल्या. राहायला डोंबिवलीला, स्वतंत्र शाखा पहिल्यांदाच मिळालेली. लोकलमध्ये उभ्याउभ्या त्यांनी मोबाइलवर अकरा कलमांची यादी तयार केली होती. पासबुकाची रांग मशीनकडे वळवायची, दारातली बाकडी काढायची, मोबाइल बँकिंगची नोंदणी वाढवायची, वगैरे. यादीत चुकीचं काहीच नव्हतं. वरच्या कार्यालयाला हवं तेच त्यात होतं.

पहिल्या दिवशी साडेनऊला पोचल्या, तर शटर अर्धं वर. आत बाकड्यांवर सात-आठ म्हातारी माणसं बसलेली आणि शिपाई त्यांना पाणी देतोय. कामकाज दहाला सुरू होतं.

"हे रोजचंच का?"

"हो मॅडम."

"कोणी सांगितलं उघडायला?"

शिपायाने हेड कॅशियरकडे पाहिलं. हेड कॅशियरनी भिंतीवरच्या कॅलेंडरकडे.

तिजोरी उघडायच्या वेळी बाहेरची माणसं आत असणं धोक्याचं, हे सांगायला सुरक्षा अधिकारी लागत नाही. दोन ओळींचा आदेश काढला की विषय संपला असता, शिवाय नव्या साहेबाचा वचकही बसला असता. बाईंनी कागद पुढे ओढलाही. पण लिहिलं नाही. त्यामागे फार थोर विचार नव्हता. चार्ज अजून पुरा व्हायचा होता आणि सहीचा अधिकार बदली झालेल्या साहेबांकडेच होता.

चार्ज घेणं हे किचकट काम. रोकड मोजायची, सोनेतारणाच्या पिशव्या एकेक करून वजनाला लावायच्या, सील तपासायचं, किल्ल्यांचं रजिस्टर पाहायचं, दुसऱ्या शाखेत ठेवलेल्या डुप्लिकेट किल्ल्यांची पावती जुळवायची. पुष्कळ जण नमुन्यादाखल चार पिशव्या पाहतात आणि सही ठोकतात. बाईंनी सगळ्या पिशव्या मागितल्या. हेड कॅशियर दुखावले. निवृत्तीला आलेला माणूस. इतक्या वर्षांत एक गुंज इकडची तिकडे झाली नव्हती.

"मॅडम, विश्वास नसेल तर तसं सांगा."

"साहेब, आज मोजून घेतलं की उद्या काही कमी पडलं तर ते माझ्या अंगावर. तुमच्या नाही."

ते काही बोलले नाहीत, पण काटा स्वतःच पुसून पुढे ठेवला.

मोजता मोजता माणसं बोलतात. केबिनमध्ये मीटिंग बोलावून "तुमच्या अडचणी सांगा" म्हटलं असतं, तर एसीची तक्रार तेवढी आली असती. इथे तिसऱ्या दिवशी, पिशव्या परत कपाटात जात असताना शटरचा उलगडा झाला. विष्णुनगर, भास्कर कॉलनीकडच्या जुन्या इमारती पुनर्विकासाला गेल्या. भाडेकरार करून माणसं घोडबंदरला राहायला गेली, खाती मात्र नौपाड्यातच राहिली. मुलगा स्टेशनला निघतो तेव्हा आईला किंवा वडिलांना बँकेच्या दारात सोडून जातो. त्याला त्याची लोकल गाठायची असते. मग नऊपासून दहापर्यंत त्या माणसांनी उभं कुठे राहायचं? फुटपाथवर स्कूटर लावलेल्या असतात.

नोव्हेंबरही तोंडावर होता. पेन्शनरांच्या हयातीच्या दाखल्याचा महिना. २०१४ पासून हा दाखला अंगठा लावून डिजिटल देता येतो, पण ऐंशीच्या घरातल्या बोटांवर रेषा उरलेल्या नसतात. मशीन ओळखतच नाही. २०२१ पासून चेहरा दाखवूनही काम होतं. हे काम पासबुकाच्या खिडकीवरची मुलगी स्वतःच्या फोनवरून, सुटल्यावर, जिने चढून लोकांच्या घरी जाऊन करत होती. साहेबांना माहीत नव्हतं. विचारलं कोणी होतं?

चिंतामणराव देशमुख ११ ऑगस्ट १९४३ रोजी रिझर्व्ह बँकेचे पहिले भारतीय गव्हर्नर झाले, तेव्हा १९३९ पासून ते त्याच बँकेत होते. आधी संपर्क अधिकारी, मग सचिव, डिसेंबर १९४१ पासून उपगव्हर्नर. खुर्चीत बसण्याआधी सगळं घर त्यांना पायाखालचं होतं. बदलीच्या आदेशावर आलेल्या शाखाधिकाऱ्याच्या नशिबी एवढी उमेदवारी नसते. त्याच्या वाट्याला चार्जचे दोन-तीन दिवस येतात, आणि तेही बहुतेक जण सही करून मोकळे होण्यात घालवतात.

सही झाल्यावर बाईंनी पहिला आदेश काढला तो शटरचाच: दहापर्यंत बंद. शिपायाचं तोंड उतरलं. पण त्याआधी त्या इमारतीच्या सोसायटीच्या सेक्रेटरींना भेटून आल्या होत्या. दोन बाकडी जिन्याखालच्या मोकळ्या जागेत गेली, पाण्याचं पिंपही. खिडकीवरच्या मुलीच्या घरभेटी रजिस्टरवर आल्या: आठवड्यातून दोन दुपारी, कामाच्या वेळेत, रिक्षाभाड्यासकट. जाताना तीच लोकांना मोबाइल बँकिंगचं विचारू लागली. काहींनी घेतलं, बऱ्याच आजींनी "मुलाला विचारून सांगते" म्हटलं.

डिसेंबरमध्ये वरून फोन आला. मोबाइल नोंदणीचा आकडा शेजारच्या शाखांपेक्षा कमी होता आणि बाईंना चांगलंच ऐकून घ्यावं लागलं. ते खोटं नव्हतं.

अकरापैकी चार कलमं तोवर यादीत उरली होती. बाकीची त्यांनी स्वतःच खोडली. बारावं मात्र हेड कॅशियरनी घातलं: टोकनचं मशीन. आधीच्या तीन मॅनेजरांकडे त्यांनी ते मागितलं होतं म्हणे. मशीन आलं तेव्हा कंपनीचा माणूस ते दाराच्या उजवीकडे बसवत होता. कॅशियर काउंटर सोडून बाहेर आले. म्हणाले, "डावीकडे घ्या. उजव्या हातात काठी असते."