मागे बसलेल्याचा जीव

मनुष्यास स्वतःचा जीव धोक्यात घालण्याचा अधिकार आहे किंवा नाही, यावर पुष्कळ वाद होऊ शकेल. परंतु ज्याने विश्वासाने आपला जीव आपल्या हाती दिला, त्याचा जीव धोक्यात घालण्याचा अधिकार आपणांस आहे काय? हा प्रश्न निराळा आहे. तो समजून घेण्यास मोठे ग्रंथ नकोत. मोटारसायकलची मागची बैठक पुरे.

वडोदऱ्याहून पादरा, सावली किंवा डभोईकडे जाताना मोठा रस्ता सोडून आतल्या वाटेला लागले की डांबर अरुंद होते. पावसाळ्यात ट्रॅक्टरच्या चाकांबरोबर शेतातील चिखल रस्त्यावर येतो व त्यावरून गाडी घसरते. तिन्हीसांजेला गुरे परततात. एखादे वेळी शेतातून नीलगाय आडवी येते. चालवणाऱ्यास खड्डा आधी दिसतो व तो अंग सावरतो. मागच्यास पुढची पाठ तेवढी दिसते. त्याच्या हाती हँडल नाही, ब्रेक नाही. धोका दोघांना, निर्णय मात्र एकाचा.

कोणी म्हणेल, तो आपखुशीने बसला आहे. भीती वाटली तर सांगेल. आम्हांस हे पटत नाही. सासऱ्यांच्या मागे बसलेली सून, थोरल्या भावाच्या मागे बसलेला धाकटा, पाळकसाहेबांच्या मागे बसलेला शब्बाथशाळेचा शिक्षक, ही माणसे भिडेपोटी बोलत नाहीत. कडीवरची मूठ मात्र आवळत जाते. ते मौन म्हणजे संमती नव्हे. तो आपल्याबरोबर येण्यास राजी झाला, वाटेल तसे नेले जाण्यास नव्हे.

आपल्या देशाच्या कायद्यानेही मागच्याचा विचार केला आहे. १९८९ च्या केंद्रीय मोटार वाहन नियमांप्रमाणे मोटारसायकलला मागच्यासाठी धरावयास कडी व पाय ठेवावयास आधार हवा, आणि त्याचे कपडे चाकात अडकू नयेत म्हणून मागचे चाक निदान अर्धे झाकलेले हवे. जाळी लावण्याचे कष्ट एकाचे, पदर वाचतो दुसरीचा.

पवित्र शास्त्रात हाच विचार फार पूर्वी आला आहे. अनुवादाच्या बाविसाव्या अध्यायात नवे घर बांधणाऱ्यास धाब्याला कठडा बांधण्याची आज्ञा आहे, नाहीतर तेथून कोणी पडल्यास रक्तपाताचा दोष त्या घरावर येईल. घरधन्यास धाब्याची कड ठाऊक असते, पाहुण्यास नसते. म्हणून ज्यास धोका ठाऊक आहे, त्यानेच कठडा बांधावा.

मागे बसणाऱ्याचेही एक कर्तव्य आहे. प्रेषितांची कृत्ये, अध्याय सत्तावीस, यात पौल बंदिवान असूनही पुढील प्रवास धोक्याचा आहे असे स्पष्ट बोलला. शताधिपतीने तांडेलाचे व तारवाच्या धन्याचे ऐकले आणि तारू फुटले. त्यावर दोनशे शहात्तर माणसे होती. देवाच्या कृपेनेच ती वाचली. पौलाने भीड धरली नाही, हे शिकण्याजोगे आहे. परंतु अधिक दोष न बोलणाऱ्याचा की न ऐकणाऱ्याचा, याचे उत्तर त्या अध्यायातच मिळते.

खरे पाहता चालवणाराही कोणाच्या तरी भरवशावर असतो. पादरा तालुक्यात महीवरचा गंभीरा पूल १९८५ साली खुला झाला. ९ जुलै २०२५ रोजी सकाळी तो तुटला. वाहने नदीत पडली व वीस किंवा अधिक माणसे दगावली. त्यांच्यापैकी कोणी पुलाचे खांब तपासून निघाले नव्हते. पूल सांभाळणाऱ्यांच्या मागे ती सर्व जणू बसलेलीच होती.

आईबाप, शिक्षक, पंच, पाळक, आपणा सर्वांच्या मागे कोणीतरी बसलेले आहे. धोका मुळीच पत्करू नये, असे आमचे म्हणणे नाही. तसे केले तर खेड्यांतील आजाऱ्यांना भेटणेही थांबेल. पण वेग ठरवताना आपल्या धैर्याचे माप लावू नये. मागच्यास किती सोसेल ते पाहावे. तो बोलेल याची वाट न पाहता आपणच विचारावे, आणि त्याने "हळू" म्हटले तर त्यात आपला अपमान मानू नये. ज्याच्या हाती ब्रेक आहे, त्याच्याकडेच देव हिशेब मागेल.